उंचीनुसार

गेम तसा छोटा. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं.
एकच खोली: सराफ बाजारातलं घड्याळांचं दुकान,
आठ बाय अकरा, शटर अर्धं वर.
खेळणाऱ्यानं टाइप करायचं: पाहा. घे. वर ठेव.
बाहेर गंगा चढते आहे.
गंगापूरमधून सोडलेलं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागलंय,
आणि दर आज्ञेमागे मी ते चार बोटं वाढवते.

पहिल्यांदा नुसतं 'यादी' म्हटलं
तर वस्तू आल्या मी लिहिल्या त्या क्रमानं:
आधी डोळ्याला लावायचं भिंग,
मग पेपरमिंटची बरणी,
मग बाकीचं दुकान.
सात वर्षांची मी कुठे उभी राहायचे
ते यंत्रानं बरोबर सांगितलं.

मग प्रत्येक वस्तूला एक गुण दिला: उंची.
जमिनीपासून, इंचांत.
दुसानेकाकांना फोन लावला.
पॉलिशची मोटर? "नऊ."
काचांचा डबा? "दुसरी फळी. अडतीस धर."
लंबकाचं घड्याळ? "ते भिंतीवर गं, त्याला काय होतंय."
आणि दुरुस्त होऊन पडलेली,
कोणी न्यायलाच न आलेली?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"ती खालच्या खणात. सहा इंच.
लोक येतील म्हणून हाताशी ठेवली होती."

आज्ञा सोपी होती:
दुकानात जे जे आहे त्यावरून फिर,
ज्याची उंची पाण्याहून कमी त्याचं नाव सांग,
सगळ्यात खालचं आधी.

रविवारी काका इंदिरानगरला आले,
चष्मा कपाळावर, एका बोटानं टाइप केलं: यादी.
पडद्यावर उमटलं,

भिजलेलं:
रत्नाकर दुसाने, ०
तू, ०
न नेलेली घड्याळं, एकतीस नग, ६
पॉलिशची मोटर, ९

मी ओशाळले. चूक अगदी बाळबोध.
माणूस दुकानात असला की यंत्राच्या लेखी तोही वस्तूच;
उंची द्यायची राहिली की ते शून्य धरतं,
आणि शून्य म्हणजे फरशी.
एक अट घातली की झालं, म्हटलं. सजीव असेल तर वगळ.

"वगळतेस कशाला?
गुडघाभर पाण्यात उभाच होतो की मी.
हातात तो खण, भरलेला. ठेवू कुठे?
वरच्या फळीवर बिलबुकं होती,
तीच आधी उचलून ठेवलेली, शहाण्यानं.
बिलबुकं कोरडी राहिली बघ.
अजून कोरडी आहेत."

'तू' बद्दल ते काही बोलले नाहीत.
मी तेव्हा हिंजवडीत होते, सहाव्या मजल्यावर,
नारोशंकराच्या पायऱ्या बुडाल्याचा व्हिडिओ
तिघांना पुढे पाठवत.
खरी उंची घातली असती
तर माझं नाव यादीत आलंच नसतं.
घातली नाही.

"आता उंची राहू दे," काका म्हणाले,
"कधीपासून पडलंय त्या क्रमानं लाव."
मी नवा गुण लिहिला, ते सांगत गेले, वही न बघता.
देवळालीचे वाघमास्तर, चावीचं, काटा अडकायचा.
ओझरची एक नर्स, पट्टा तिनंच कापलेला.
भगूरचा नवरदेव, सासऱ्यानं दिलेलं, लग्नातच बंद पडलं.
चहावर साय आली.
एकविसाव्याला थांबले.
चौकोनी डायल, मागे काहीतरी कोरलेलं,
पण मालक? साल?
"रिकामं ठेव."
रिकामं ठेवलं तर ते सगळ्यांच्या आधी येईल, काका.
"येऊ दे की."

मग जाताना, लिफ्टचं दार धरून:
"बरणी किती उंचीवर धरलीस?"
चव्वेचाळीस.
"छे. ती खाली असायची. तीस.
तुझा हात पुरायला नको?"